गरोदरपणातील रक्तदाब आणि ऑपरेशनची भीती : काय विचारावे, कोणाला आणि केव्हा

आपला प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मी नेमके कशाचे उत्तर देत आहे ते स्पष्ट राहील. आपण इंदूरमधल्या एका सरकारी रुग्णालयाच्या प्रसूती विभागात सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर प्रबंधासाठी काम करीत आहात. गरोदरपणात रक्तदाब वाढलेल्या स्त्रिया आणि त्यांना वाटणारी ऑपरेशनची भीती हा आपला विषय आहे. चिंता मोजण्याची एक प्रचलित प्रश्नावली हिंदीत करून घेऊन आपण काही जणींना विचारून पाहिली, तेव्हा बहुतेकींनी भीती वाटत नसल्याचे सांगितले. त्याच वॉर्डात सिझेरियनच्या संमतिपत्रावर सही मिळायला मात्र तासन्‌तास जातात आणि काही जणी डिस्चार्ज न घेताच घरी निघून जातात, हेही आपण पाहिले. प्रश्नावली सदोष आहे की बायका खरेच घाबरत नाहीत, आणि आता विषय बदलावा का, असे आपण विचारले आहे.

विषय बदलू नका. मी प्रसूतितज्ज्ञ म्हणून इंदूरमध्ये आधी सरकारी आणि नंतर खासगी रुग्णालयात काम केले आहे. धार, झाबुआ, खरगोनकडून रेफर होऊन आलेल्या बायका आणि शहरातल्या आपल्या मराठी घरांतल्या मुली या दोघींच्या उशाशी बसून हेच बोलणे मी अनेकदा केले आहे. २०१८–२० च्या नमुना नोंदणी पाहणीनुसार दर एक लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यूचे प्रमाण देशात ९७ होते आणि मध्य प्रदेशात १७३. रक्तदाबाचे विकार हे या मृत्यूंच्या मोठ्या कारणांपैकी एक आहे, आणि त्यात वेळेवर झालेल्या निर्णयाने जीव वाचतो. म्हणून निर्णयाला उशीर का होतो हा प्रश्न मोलाचा आहे. आपण तो भावनेच्या मापाने मोजायला निघाला आहात, अडचण तिथे आहे. या आजारात भीती सुटी सापडत नाही. ती कुठल्या ना कुठल्या निर्णयाला चिकटलेली असते, आणि त्या निर्णयाबद्दल विचारले तरच बाहेर येते.

असे मी का म्हणते, ते आजाराच्या स्वरूपावरून समजेल. गरोदरपणाच्या वीस आठवड्यांनंतर रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून जास्त झाला आणि त्याबरोबर लघवीत प्रथिने जाऊ लागली किंवा यकृत, मूत्रपिंड, रक्त गोठायला मदत करणाऱ्या प्लेटलेट यांच्यावर परिणाम दिसू लागला, की आपण त्याला प्री-एक्लॅम्प्सिया म्हणतो. रक्तदाब १६०/११० किंवा त्याहून जास्त झाला की तो तीव्र समजला जातो. परंतु त्या स्त्रीला बहुधा काहीच होत नसते. पाय सुजलेले असतात, पण घरातल्या मोठ्या बायका सांगतात की पोटुशीचे पाय सुजतातच. कुठे दुखत नाही, ताप नाही, बाळ हालते आहे, आणि डॉक्टर म्हणतात की बाळंतपण आता, दिवस भरायच्या आधी करावे लागेल. बाळ आणि वार बाहेर येणे हाच या आजारावरचा खरा उपाय असल्यामुळे आमच्याजवळ दुसरे सांगण्यासारखे नसते. म्हणजे ज्याची भीती वाटायला हवी तो आजार तिला दिसत नाही आणि ज्याने ती वाचणार आहे ते ऑपरेशन मात्र डोळ्यांसमोर येते. हर्नियाच्या किंवा पित्ताशयाच्या रुग्णाने दुखणे सोसलेले असते, त्यामुळे त्याची भीती आणि हिची भीती एकाच प्रश्नावलीने मोजता येत नाही.

इथे एक गोष्ट आपल्या प्रश्नावलीत आजच दुरुस्त करा. रक्तदाब वाढला म्हणजे सिझेरियनच, असे नाही. नेदरलँड्समध्ये झालेल्या आणि २००९ साली प्रसिद्ध झालेल्या हायपिटॅट या चाचणीत, छत्तीस आठवड्यांनंतर सौम्य स्वरूपाचा आजार असलेल्या स्त्रियांना औषधाने कळा आणल्या, तेव्हा वाट पाहणाऱ्या गटापेक्षा आईची गुंतागुंत कमी झाली आणि सिझेरियनचे प्रमाण वाढले नाही. आपल्या वॉर्डातही कित्येक जणींना आधी कळा आणायचे औषध दिले जाते आणि ऑपरेशनचा निर्णय नंतर होतो किंवा होतच नाही. भरती होताना, कळा सुरू असताना आणि ऑपरेशन ठरल्यावर विचारलेला एकच प्रश्न हे खरे तर तीन वेगळे प्रश्न आहेत. आपण प्रश्नावली विचारून पाहिलेल्या स्त्रियांना ‘भीती वाटते का’ असे विचारले, त्या क्षणी त्यांतल्या किती जणींना ऑपरेशन होणार असल्याचे सांगितलेले होते, हे आपण नोंदवले आहे का ते पाहा. सांगितलेलेच नसेल, तर ‘नाही’ हे उत्तर अगदी खरे आहे.

आता मापनाबद्दल, कारण आपले मार्गदर्शक प्रमाणित प्रश्नावलीचा आग्रह धरतात असे आपण लिहिले आहे. त्यांचा आग्रह चुकीचा नाही. पण इतर रुग्णांवर प्रमाणित झालेले माप या वॉर्डात तसेच्या तसे चालत नाही, आणि त्याची कारणे औषधांच्या तक्त्यावरच सापडतात. चिंतेच्या बहुतेक प्रश्नावलींत छातीत धडधडते का, डोके जड होते का, घाम येतो का, झोप लागते का, असे प्रश्न असतात. रक्तदाब उतरवणारी निफेडिपिन घेणाऱ्या स्त्रीला त्या गोळीनेच धडधडते, चेहरा तापतो आणि डोके दुखते. त्याचसाठी दिले जाणारे लॅबेटॅलॉल घेणाऱ्या स्त्रीची धडधड उलट दबलेली असू शकते. झटके येऊ नयेत म्हणून दिले जाणारे मॅग्नेशियम सल्फेट सुरू असेल तर अंगात आग झाल्यासारखे होते आणि गुंगी येते. शिवाय डोकेदुखी हे आजार बळावल्याचे लक्षण आहे. म्हणजे दोन स्त्रियांच्या गुणांतला फरक त्यांच्या मनाचा नसून त्यांच्या औषधांचा असू शकतो.

याला जोडून आणखी एक सावधगिरी. भीतीने रक्तदाब तात्पुरता वाढतो, आणि रक्तदाब वाढल्याचे ऐकून भीती वाढते. त्यामुळे एकाच दिवशी दोन्ही मोजून, चिंतेचे गुण जास्त तिथे रक्तदाब जास्त, असा संबंध दाखवलात तर कशामुळे काय झाले हे कोणालाच सांगता येणार नाही. परीक्षक नेमके तिथेच बोट ठेवतील, आणि त्यांचे म्हणणे योग्य असेल. आपल्या प्रबंधात रक्तदाब हा स्त्रियांचा गट ठरवण्यापुरता ठेवा.

आकडा हवाच असेल तर ॲम्स्टरडॅममध्ये तयार झालेली, १९९६ साली प्रसिद्ध झालेली सहा विधानांची प्रश्नावली घ्या, जिला ॲपेस म्हणतात. त्यातली चार विधाने भूल आणि शस्त्रक्रिया यांच्या काळजीविषयी आहेत आणि दोन अधिक माहिती हवी आहे का याविषयी. शरीराच्या लक्षणांबद्दल ती काहीच विचारत नाही, हा तिचा इथे सर्वांत मोठा गुण आहे, आणि सहाच विधाने असल्यामुळे आजारी बाईला थकवत नाही. तरीही हिंदी रूपांतर करून ते पुन्हा उलट भाषांतराने तपासणे, आणि निमाडी किंवा भिली बोलणाऱ्या बायकांसाठी त्यांची भाषा येणारी व्यक्ती बरोबर घेणे, याला पर्याय नाही. माझ्या मते प्रबंधाचा कणा मात्र मुलाखत असावी आणि आकडे तिच्या आधाराला असावेत.

मुलाखतीत काय विचारायचे? जे घडले किंवा घडणार आहे, ते विचारा. धारकडून आलेली आठव्या महिन्यातली एक बाई मला आठवते. रक्तदाब १७० च्या घरात, बोटांतली अंगठी सुजेमुळे साबण लावून काढलेली. ऑपरेशनची भीती वाटते का, असे कोणीही विचारले की ती मान हलवून नाही म्हणत असे, आणि सहीचा कागद पुढे केला की तोंड फिरवत असे. तिला एवढेच विचारले की आज रात्री ऑपरेशन ठरले तर सर्वांत आधी कोणाला फोन करशील आणि काय सांगशील. मग ती थांबलीच नाही. शेजारणीला सांगेन की मोठ्या मुलीला तुझ्याकडे झोपव. मोठ्या दिराला विचारेन की रक्त लागले तर कोण देईल, कारण नवरा अशक्त आहे. आणि पाठीत सुई दिली तर यंदा सोयाबीन कापता येईल की नाही, हे कोणीतरी मला सांगा. या तीन वाक्यांत तीन वेगवेगळ्या अडचणी आहेत, आणि त्यांतली फक्त शेवटची शस्त्रक्रियेची आहे.

त्या शेवटच्या अडचणीवर थोडे थांबते, कारण ती फार आढळते आणि आम्ही डॉक्टर ती सहज उडवून लावतो. मणक्यातल्या इंजेक्शनने कंबर कायमची जाते, हा समज शेतात राबणाऱ्या बाईच्या दृष्टीने तिच्या रोजीरोटीचा प्रश्न असतो. ती सुई कंबरेच्या खालच्या भागात, मज्जारज्जू जिथे संपतो त्याच्याही खाली दिली जाते, आणि बाळंतपणानंतर पुष्कळ जणींची कंबर दुखते, मग बाळंतपण कसेही झालेले असो. हे तिला कोणी शांतपणे सांगितलेले नसते. भीतीपोटी ती म्हणते की मला पूर्ण झोपवूनच करा. या आजारात घशाच्या आतल्या भागालाही सूज असू शकते, त्यामुळे पूर्ण भूल देताना श्वासनळीत नळी घालणे अवघड होते आणि नळी घालतेवेळी रक्तदाब एकदम चढतो, म्हणून भूलतज्ज्ञ शक्यतो मणक्यातूनच भूल देऊ पाहतात. प्लेटलेट फार कमी झाल्या असतील तर मात्र मणक्यात सुई देता येत नाही आणि पूर्ण भूल द्यावीच लागते. म्हणजे तिची मागणी आणि तिची सुरक्षितता परस्परविरुद्ध असू शकतात, आणि या कोंडीवर आधी बोलणे झाले नसेल तर ऐनवेळी ते होत नाही. आपल्या मुलाखतीत भूल आणि ऑपरेशन यांविषयी वेगवेगळे विचारा.

बाकीच्या कारणांमध्ये ऑपरेशनच्या वेळीच न विचारता नसबंदी करतील ही धास्ती, पुढचे बाळंतपणही ऑपरेशननेच होईल ही काळजी, आणि दिवस न भरलेले बाळ जगणार नाही ही चिंता आपल्याला वारंवार ऐकू येईल. खर्चाचेही ऐकू येईल. २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयात सिझेरियन, औषधे, तपासण्या आणि रक्त मोफत आहे, हे खरे. पण बुडालेली मजुरी आणि सोबत आलेल्या माणसांचे जेवणखाण त्यात येत नाही. म्हणून ‘योजनेची माहिती नाही’ असा शिक्का मारण्याआधी, पैसा नेमका कशावर जाणार आहे ते विचारा.

शहरातल्या मध्यमवर्गीय घरांत, आणि आपली मराठी मंडळी त्यांत आलीच, सूर वेगळा असतो. तिथे चाकूपेक्षा फसवले जाण्याची भीती मोठी असते. सासूबाई स्पष्ट विचारतात, ‘डॉक्टर, खरंच गरज आहे ना?’ हा प्रश्न अज्ञानातून आलेला नाही. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात खासगी दवाखान्यांतल्या बाळंतपणांपैकी ४७.४ टक्के सिझेरियनने झाली आणि सरकारी दवाखान्यांत १४.३ टक्के. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये म्हटले आहे की लोकसंख्येच्या पातळीवर हे प्रमाण दहा टक्क्यांच्या वर गेल्यावर आई-बाळांचे मृत्यू आणखी कमी होताना दिसत नाहीत. अशा परिस्थितीत ज्या कुटुंबाने शंका घेतली त्याला ‘गैरसमज’ या रकान्यात टाकणे अन्यायाचे आहे. दुर्दैव असे की हीच रास्त शंका नेमकी त्या बाईच्या आड येते जिला ऑपरेशनची खरोखर गरज आहे. आपल्या विश्लेषणात अविश्वासाला भीतीपासून वेगळा वर्ग द्या. दोहोंवरचे उपाय वेगळे आहेत: भीती असेल तिथे समजावून सांगावे लागते, अविश्वास असेल तिथे कागदपत्रे दाखवावी लागतात, रक्तदाबाच्या नोंदी, लघवीचा अहवाल, प्लेटलेटचा आकडा, आणि आपण किती वेळ थांबू शकतो याचे प्रामाणिक उत्तर.

आतापर्यंतचे थोडक्यात असे की लक्षणांवर आधारलेले माप टाळा, घडणाऱ्या गोष्टींबद्दल विचारा, आणि मिळालेली उत्तरे एकाच ‘भीती’ या नावाखाली गोळा करू नका. पुढचा प्रश्न कोणाला आणि कोणी विचारायचे हा आहे.

खाटेशेजारी सासू किंवा नणंद बसलेली असताना दिलेले उत्तर हे त्या बाईचे उत्तर नसते. वॉर्डात जागा नसते हे मला ठाऊक आहे. तरी सिस्टरना विनंती करून ड्रेसिंगच्या खोलीचा किंवा ओपीडी संपल्यानंतरच्या एखाद्या कोपऱ्याचा उपयोग करता येतो. ॲप्रन घालू नका. केसपेपर लिहिणाऱ्या डॉक्टरांकडून मुलाखत करून घेऊ नका, कारण खरे सांगितले तर उपचार नीट मिळणार नाहीत असे बाईला वाटते. सासूला मात्र वगळू नका, तिची वेगळी मुलाखत घ्या. पुष्कळदा तिने स्वतःच्या काळात पाहिलेला एखादा मृत्यू तिच्या नकारामागे असतो आणि तो तिला कोणी कधी विचारलेला नसतो.

सहीसाठी कोणाची वाट पाहिली गेली, हे प्रत्येक वेळी नोंदवा. सज्ञान आणि शुद्धीवर असलेल्या रुग्णाच्या वतीने नातेवाइकाने दिलेली संमती ग्राह्य नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ च्या एका निकालात स्पष्ट केले आहे. तरीही अनेक ठिकाणी पती किंवा घरातला वडीलधारा पुरुष गावाहून येईपर्यंत सगळे थांबतात, आणि वाट पाहणाऱ्यांत आम्ही डॉक्टरही असतो. उशिराचे तीन टप्पे सांगणारी १९९४ सालची मांडणी आपण अभ्यासली असेलच: दवाखान्यात जायचे ठरवण्यातला उशीर, पोहोचण्यातला उशीर आणि पोहोचल्यावर उपचार मिळण्यातला उशीर. सहीची वाट पाहण्यात गेलेला वेळ बाईच्या भीतीच्या खाती टाकला जातो, वास्तविक तो तिसऱ्या टप्प्यातला, रुग्णालयाच्या रिवाजातला उशीर असतो. तो आपण घड्याळ लावून नोंदवलात तर आपल्या विभागाला त्याचा तात्काळ उपयोग होईल.

केव्हा विचारायचे, याचे उत्तर काहीसे आपल्या हातात असलेल्या महिन्यांवर अवलंबून आहे. मॅग्नेशियम सल्फेट सुरू असलेल्या, गुंगीत असलेल्या स्त्रीची मुलाखत घेऊ नका. तिची संशोधनासाठीची संमतीही खरी मानता येणार नाही, आणि संशोधनाला परवानगी देणाऱ्या आचारसंहिता समितीने हे विचारलेच पाहिजे. ते औषध साधारणपणे प्रसूतीनंतर किंवा शेवटच्या झटक्यानंतर चोवीस तास चालते. सिझेरियन झालेली स्त्री त्यानंतरही काही दिवस वॉर्डात असते, टाके दुखत असतात पण मन मोकळे झालेले असते. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून ती चांगली बोलते. वेळ असेल तर आणखी एक गट ऑपरेशनच्या आधीचा घ्या: दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाच्या तपासणीला येणाऱ्या, रक्तदाब नुकताच वाढू लागलेल्या स्त्रियांचा. झाल्यानंतर आठवलेली भीती आणि होण्याआधीची भीती यांत फरक असतो, कारण बाळ सुखरूप असेल तर आठवण सौम्य होते आणि बाळ गेले असेल तर सगळा दोष ऑपरेशनवर जातो. मुलाखत चालू असताना कोणी डोके फुटते आहे, डोळ्यांपुढे चमकते आहे किंवा छातीखाली दुखते आहे असे म्हटले, तर वही मिटा आणि सिस्टरना बोलवा. हा नियम आपल्या कार्यपद्धतीत लेखी असू द्या.

सर्वांत महत्त्वाचा गट आपल्या वॉर्डात नाहीच. ज्यांना सर्वांत जास्त भीती वाटली त्या निघून गेल्या. त्यांची नोंद ‘लामा’, म्हणजे डॉक्टरांचा सल्ला न मानता गेलेल्या, म्हणून डिस्चार्जच्या नोंदवहीत आहे. ज्या थांबल्या त्यांनाच विचारून आपण भीती मोजणार असू, तर उत्तर आधीच ठरलेले आहे. समितीची परवानगी घेऊन, आशा कार्यकर्तीच्या मदतीने, त्यांतल्या मोजक्या स्त्रियांपर्यंत जरी पोहोचलात तरी प्रबंधाचे वजन वाढेल. जाताना रक्तदाबाचे यंत्र बरोबर न्या, कारण हा आजार बाळंतपणानंतरही सहा आठवड्यांपर्यंत डोके वर काढू शकतो, आणि तिथे आपण आधी आरोग्यकर्मी आहात, संशोधक नंतर.

किती जणी पुरेत, हे मी इथून ठरवू शकत नाही. मुलाखतींवर भर दिलात तर नवे काही ऐकू येईनासे होईपर्यंत घ्यायच्या. आकड्यांवर भर दिलात तर संख्याशास्त्रज्ञाला आधी भेटायचे, नंतर नाही. रुग्णालय खासगी असते तर मी अविश्वासाच्या प्रश्नांना जास्त जागा दिली असती. सरकारी असल्यामुळे सही, रक्त आणि घरी राहिलेली मुले यांना द्या.

मार्गदर्शकांकडे जाताना आधी विचारून पाहिलेल्या प्रश्नावलीची उत्तरे टाकून देऊ नका. मिळालेल्या ‘नाही’ या उत्तरांसमोर प्रत्येक स्त्रीचे औषध, तिला ऑपरेशनबद्दल तोवर काय सांगितले गेले होते, आणि उत्तर देताना शेजारी कोण बसले होते, हे तीन रकाने भरून तो तक्ता त्यांच्यापुढे ठेवा. आणि नव्या मुलाखतीच्या शेवटी प्रत्येकीला एक प्रश्न जरूर विचारा: हे सगळे तुम्हाला कोणी, कितव्या महिन्यात सांगायला हवे होते? त्याची उत्तरे प्रबंधाच्या परिशिष्टात ठेवू नका. ओपीडीत पहिल्यांदा वाढलेला रक्तदाब कार्डावर लिहिणाऱ्या डॉक्टरांपर्यंत आणि सिस्टरांपर्यंत पोहोचवा, कारण त्या भेटीत आणि ऑपरेशनच्या टेबलात पुष्कळदा काही आठवड्यांचे अंतर असते आणि बोलायला तोच वेळ मिळतो.